कॉलेजची गाडी रोज हुकते? आधी ती कुठल्या डेपोची ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा. ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका गावातून दोन भावंडं रोज एसटीने कराडला जातात. थोरली पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, धाकटा अकरावी सायन्सला. सकाळची गाडी कधी खचाखच भरून येते आणि थांबतच नाही, कधी येतच नाही. आठवड्यातून दोनदा तरी पहिला तास बुडतो. मुलीला बारावीपर्यंत पास फुकट होता. आता तिने पास काढावा की अर्धं तिकीट? आणि गाडीबद्दल बोलायचं तर कुणाशी?

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण बहुतेक तक्रारी चुकीच्या खिडकीवर जाऊन मरतात.

सातारा जिल्ह्यात एसटीचे अकरा डेपो आहेत: सातारा, कराड, कोरेगाव, फलटण, वाई, पाटण, दहिवडी, वडूज, मेढा, महाबळेश्वर आणि पारगाव-खंडाळा. तुमचा तालुका पाटण, म्हणून गाडी पाटण डेपोची असेलच असं नाही. गाडी ज्या डेपोची, त्या डेपोचा व्यवस्थापकच तिचं काही करू शकतो, बाकीचे फक्त तुमचा कागद पुढे सरकवतात. हद्दीवरच्या गावांत घोळ आणखी वाढतो. शिराळा डेपोची गाडी कराडला येत असली तरी ती सांगली विभागाची असते, तिच्याबद्दल साताऱ्याच्या विभाग नियंत्रकाला लिहून हाती काही लागत नाही. विभागाचं आणि डेपोचं नाव गाडीच्या अंगावर रंगवलेलं असतं, ते वाचा. नंबरप्लेटवर जाऊ नका. एमएच १४ दिसलं म्हणून गाडी पुण्याची होत नाही. दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेल्या गाड्यांना तो नंबर पडतो, जसा चिकलठाण्याच्या गाड्यांना एमएच २० आणि हिंगण्याच्या गाड्यांना एमएच ४०.

डेपो कळला की फेरीची कुंडली काढा. तुमच्या गावाकडून सकाळी निघणारी गाडी रात्री तिकडेच मुक्कामाला असते, की पहाटे कराडहून रिकामी वर येऊन परत फिरते? कंडक्टरला विचारलंत तर एका वाक्यात सांगेल. मुक्कामी गाडी सहसा रद्द होत नाही, कारण गाडी, ड्रायव्हर आणि कंडक्टर तिघंही रात्रीच गावात असतात. ती बिघडली तर मात्र दुसरी यायला दीड-दोन तास जातात. डेपोतून वर येणारी फेरी उलट डेपोतच रद्द होते. ड्रायव्हर आला नाही, गाडी वर्कशॉपमधून सुटली नाही, किंवा गाडी दुसरीकडे दिली. स्टॉपवर उभ्या असलेल्या पोरांना यातलं काहीच कळत नाही, ती साडेसातपर्यंत रस्त्याकडे बघत राहतात.

गाडी दुसरीकडे देणं हे तर पंचांगाप्रमाणे चालतं, त्याचा अंदाज आधी बांधता येतो. कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात न होतात तोच आषाढीच्या गाड्या पंढरपूरला लागतात. गणपतीच्या आधी कोकणासाठी गाड्या मुंबईकडे जातात. मार्गशीर्ष-पौषात म्हसवडचा रथ, पुसेगावची सेवागिरी यात्रा, पालचा खंडोबा आणि मांढरदेव, सगळं एका महिन्या-दीड महिन्यात येतं. त्याच सुमारास शाळांच्या सहली निघतात, त्यासाठी प्रासंगिक करारावर, म्हणजे भाड्याने, गाड्या जातात. निवडणूक असेल तर मतदानाच्या आदल्या दिवशी गाड्या मतदान यंत्रांच्या मागे. अशा वेळी डेपो आधी काय कापतो? कमी उत्पन्नाची ग्रामीण फेरी. म्हणजे तुमचीच. या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि त्या आठवड्यात एक गाडी आधीची धरा. नोव्हेंबर ते मार्च कराड, वाळवा, पलूस या ऊसपट्ट्यात फेरी रद्द होत नाही, पण दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला की पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. हा उशीर कुणाच्या हातातला नाही, तो धरूनच घरातून निघायचं.

आता तक्रार कशी लिहायची. ‘गाडी वेळेवर येत नाही’ या वाक्याला डेपोत काही किंमत नाही, कारण गावातल्या स्टॉपवर गाडी किती वाजता गेली याची नोंद तिथे नसते. नोंद होते ती स्टँडवरच्या नियंत्रकाकडे. गाडी तुमच्यासमोरून न थांबता गेली तर ती कराडला उलट वेळेवरच पोचते, आणि डेपोच्या वहीत सगळं व्यवस्थित दिसतं. म्हणून नोंद तुम्हीच ठेवायची. एका वहीत एका पोराने सलग महिनाभर लिहायचं: तारीख, फेरीचं नाव (अमुक गाव ते कराड, सुटायची वेळ), स्टॉपवर प्रत्यक्ष आलेली वेळ, थांबली की नाही, मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, आणि जमलं तर गाडीचा नंबर. महिन्याच्या शेवटी ‘२४ दिवसांत ५ वेळा आली नाही, ४ वेळा थांबली नाही, ९ ते १४ मुलं मागे राहिली’ असा एका ओळीचा गोषवारा वर आणि तक्ता खाली. सोबत कॉलेजचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव. अर्ज आगार व्यवस्थापकाला, प्रत विभाग नियंत्रकाला, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ड्रायव्हर-कंडक्टरच्या नावाने शिव्या लिहिल्या की अर्जाचं रूपांतर खातेनिहाय चौकशीत होतं, आणि फेरीचा प्रश्न बाजूला पडतो.

त्या अर्जात आणखी एक आकडा हवा आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो: त्या मार्गावर किती विद्यार्थ्यांकडे पास आहेत. पासवाला मुलगा गाडीत तिकीट काढत नाही, त्यामुळे त्या फेरीच्या रोख उत्पन्नात तो दिसत नाही. गाडीत सत्तर माणसं आणि गल्ल्यात वीस तिकिटं असं चित्र तयार होतं. वास्तविक पासच्या सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं, म्हणजे तो प्रवासी फुकटचा नाही. पासधारकांची यादी नावानिशी जोडली की जादा फेरीची मागणी भावनेवर न राहता हिशेबावर येते. याची दुसरी बाजू अशी की गाडीला कंटाळून पोरं वडापने (खासगी जीपने) जायला लागली, पास काढेनाशी झाली, की आहे ती फेरीसुद्धा जाते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात एसटी बंद असताना वडापची लागलेली सवय पुष्कळ गावांत नंतरही सुटली नाही, आणि त्या गावांच्या फेऱ्या सगळ्याच परत आल्या नाहीत.

मुक्कामी गाडी असेल तर ती टिकवणं बरंचसं गावाच्याच हातात असतं, याची गावाला सहसा कल्पना नसते. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला दार लागणारी खोली, दिवा, पाणी आणि शौचालय मिळालं पाहिजे. पावसाळ्यात देवळाच्या ओसरीवर डास मारत रात्र काढलेला ड्रायव्हर पहाटे सहाला घाट उतरणार आहे, हे ध्यानात घ्या. गाडी अकरा-बारा मीटर लांब असते. तिला वळायची जागा चारचाकी लावून अडवली, की दोन-चार रात्री ती फाट्यावरूनच परत फिरते, आणि पुढे कागदोपत्रीही फाट्यापर्यंतचीच होते. जूनच्या आधी रस्त्यावर झुकलेल्या फांद्या तोडून घ्या. काच फुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये असते, फेरीवर नसते.

आता पास.

विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. तीस दिवसांच्या जाण्या-येण्याच्या साठ फेऱ्या धरल्या तर वीस एकेरी तिकिटांचे पैसे. तोंडी हिशेबाला एवढं पुरतं: एकेरी पूर्ण तिकीट गुणिले वीस. समजा तुमच्या स्टॉपपासून कराडचं तिकीट ५० रुपये आहे, तर पास १,००० चा. धाकट्याने रोज तिकीट काढलं तर दिवसाला १०० जातात, म्हणजे अकराव्या दिवसापासून पास फायद्यात. त्याच्या बाबतीत विचारच करायला नको.

मुलीचं गणित वेगळं आहे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो, तो तिचा संपला. पण १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे तिला दिवसाला ५० रुपये पडतात आणि पासचे १,००० बरोबर वीस दिवसांत वसूल होतात. महिन्यात वीसपेक्षा जास्त दिवस कॉलेजला जाणार असेल तर पास, कमी असेल तर अर्धं तिकीट. भाडं किती आहे यावर हे अवलंबून नाही, वीस दिवसांचा आकडा कुठल्याही गावाला तोच राहतो. पदवीच्या वर्गांना दिवाळी, सत्र परीक्षा आणि अभ्यासाची सुट्टी धरली तर वर्षातले तीन-चार महिने तरी वीस दिवस भरत नाहीत, त्या महिन्यांत पास काढू नका. शिवाय अर्धं तिकीट निमआराम आणि शिवशाहीलाही चालतं, विद्यार्थी पास साध्या गाडीचाच. संध्याकाळी साधी गाडी गेली आणि मागून दुसरी आली तर तिच्यापुढे पर्याय असतो, भावापुढे नाही.

पास काढताना होणाऱ्या चुका दरवर्षी त्याच. अर्जावर प्राचार्यांची सही असते पण शिक्का नसतो. आधारवर नाव एक आणि कॉलेजच्या ओळखपत्रावर दुसरं, विशेषतः आडनाव आधी की नंतर यावरून. ‘पासून-पर्यंत’मध्ये थांब्याचं नाव मोघम लिहिलेलं: कराडच्या अलीकडचं ‘मलकापूर’ लिहिलं आणि मुलगा रोज कराड स्टँडला उतरतो, मग चेकिंगला सापडला की दंड. गाडी दोन मार्गांनी जात असेल तर ‘मार्गे’ लिहून घ्यायचं, म्हणजे कुठल्याही गाडीत वाद नको. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात. त्यामुळे कधी कधी एक थांबा पुढचा घेतला तरी रक्कम तीच राहते. खिडकीवर विचारायला काय जातं? दहा महिने रोज एक किलोमीटरची पायपीट वाचते. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा कुणाच्या जुन्या पासवरची रक्कम धरून पैसे देऊन पाठवू नका.

पास जूनच्या शेवटच्या आठवड्यात काढायला गेलात तर अर्धा दिवस रांगेत जातो. २०२४ पासून एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात द्यायला सुरुवात केली आहे. कॉलेजच्या ऑफिसात यादी लागली की पहिल्याच दिवशी नाव द्या, कारण माणूस ठरल्या दिवशी येतो आणि जातो. नूतनीकरण मुदत संपायच्या दोन दिवस आधी. आणि पासच्या तीस दिवसांत दिवाळीची सुट्टी अडकू देऊ नका. मधले आठ-दहा दिवस तिकिटावर जा, पास कॉलेज उघडेल त्या तारखेपासून घ्या. फोनमधला पासचा फोटो कंडक्टर धरत नाही, तरी काढून ठेवा. पास हरवला तर नंबर सांगायला तो लागतो.

गाडीत चढण्या-उतरण्याबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण पोरांना खरी इजा तिथे होते. स्टँडच्या फलाटावर गाडी मागे घेताना तिच्या मागून धावत जाऊन खिडकीतून दप्तर किंवा रुमाल टाकायचा, ही जागा धरायची आपली पद्धत. त्या क्षणी ड्रायव्हरला आरशात फक्त गाडीची कड दिसते, मागच्या चाकाजवळचा मुलगा दिसत नाही. घसरला तर तो चाकाच्या पुढ्यातच पडतो. पावसाळ्यात फलाटाच्या कडेला डिझेल आणि चिखलाचा थर असतो, तिथे चप्पल टिकत नाही. गाडी पूर्ण थांबून कंडक्टरने दार उघडेपर्यंत पिवळ्या पट्ट्याच्या आत राहायचं, एवढा एकच नियम घरातून पाठ करून घ्या.

गर्दीत दप्तर पाठीवर ठेवलं तर ते एका माणसाची जागा खातं आणि मागच्याच्या छातीत रुततं. चढण्याआधीच ते उतरवून पोटाशी घ्यायचं किंवा बसलेल्या कुणाच्या मांडीवर द्यायचं; आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पायरीवर उभं राहायचं नाही, मग कंडक्टर काहीही म्हणो. दोन घंट्या झाल्या की ड्रायव्हर मागे न बघता क्लच सोडतो, आणि पायरीवरच्याचा हात तेवढ्या झटक्याने सुटतो. आत उभं राहताना गाडीच्या दिशेला तोंड न करता आडवं उभं राहावं, पाय खांद्याइतके लांब, गुडघे सैल. ब्रेक लागला तर तोल दोन्ही पायांत वाटला जातो. शेवटच्या बाकावर जागा रिकामी दिसली तरी पाठ दुखणाऱ्याने तिकडे जाऊ नये. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो, प्रत्येक खड्डा दुप्पट उसळवतो. घाटात उलटी होणाऱ्यांनाही तेच सांगणं: मधल्या भागात खिडकीशी बसा, चहा-दूध टाळा, कोरडी चपाती किंवा भाकरी खाऊन निघा, आणि गाडीत पुस्तक उघडू नका. वाचायचंच असेल तर रात्री पाठ केलेलं डोळे मिटून मनात म्हणा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरी कुणी बोलत नाही. गाडीत आणि स्टँडवर सोय नाही म्हणून बऱ्याच जणी सकाळी सहापासून दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. डोकेदुखी आणि लघवीची जळजळ यातून येते. कॉलेजात पोचल्यावर बाटलीभर पाणी आणि निघण्याआधी कॉलेजचंच स्वच्छतागृह, असा क्रम लावून द्या. गाडीत कुणी त्रास दिला तर कुजबुजून सांगायचं नाही, कंडक्टरला मोठ्याने हाक मारायची. कंडक्टर गाडी सरळ पोलीस ठाण्यात घ्यायला सांगू शकतो. ११२ हा नंबर फोनमध्ये पहिला असावा. आणि स्टँडच्या कोपऱ्यात दिवे बंद करून उभ्या असलेल्या गाडीत, कुणी ‘हीच जाणार आहे’ म्हणालं तरी, चढायचं नाही. गाडी फलाटावर लागेपर्यंत नियंत्रकाच्या खिडकीसमोर थांबायचं.

परतीच्या वेळी गाडी कुठे भरते ते बघा. साताऱ्यात पोवई नाक्यावर उभी राहणारी मुलं रोज चिडतात, कारण गाडी मुख्य स्टँडवरच भरलेली असते. नाक्यावरून स्टँडवर दहा-पंधरा मिनिटं उलटं चालत गेलं तर बसायला मिळतं. परळी-ठोसेघरच्या बाजूला जाणाऱ्यांनी त्याच कारणाने राजवाडा गाठावा. सांगलीत विश्रामबागेला विलिंग्डन आणि वालचंदची मुलं सांगली-मिरज मार्गाच्या मधोमध चढतात, तिथे मागे चालून उपयोग नाही. गाड्या पाठोपाठ असतात, एक सोडायची. तुमच्या कराडच्या बाबतीत विद्यानगरहून स्टँडला यायचा वेळ कमी धरू नका. पाचला तास सुटला तर सव्वापाचची गाडी मिळत नाही, साडेपाचनंतरची धरूनच बेत करा.

कॉलेजशी दोन बोलणी सप्टेंबरच्या आत उरकून घ्या. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडताना गावाकडच्या मुलांना सकाळची पहिली बॅच नको, हे वर्गशिक्षकांना लेखी सांगता येतं, आणि बॅच बदलून मिळते. हजेरीचं म्हणाल तर तुम्ही महिनाभर ठेवलेली वहीच तिथे कामाला येते. तिची झेरॉक्स वर्गशिक्षकांकडे असेल तर ७५ टक्क्यांच्या वेळी तोंडी गयावया करावी लागत नाही. बारावीच्या पेपरला सकाळच्या सत्रात साडेदहापर्यंत केंद्रावर हजर व्हावं लागतं, पेपर अकराला. त्या दिवसांत रोजची गाडी विसरा, तिच्या आधीची धरा, आणि तीही आली नाही तर कुणाची मोटरसायकल निघेल ते आदल्या रात्री ठरवून ठेवा.

रोजच्यासाठी सगळ्यात कामाचा उपाय फुकट आहे. गाडी जिथून सुटते त्या गावातला एक विद्यार्थी आणि वाटेतल्या प्रत्येक स्टॉपवरचा एकेक, असा व्हॉट्सॲप ग्रुप करा. त्यावर सकाळी दोनच मेसेज यावेत: ‘सुटली’ आणि ‘भरली’. सुटायच्या वेळेनंतर दहा मिनिटं ‘सुटली’ आलं नाही, तर एकाने कराड स्टँडच्या चौकशीला फोन करून फेरी रद्द आहे का ते विचारायचं आणि बाकीच्यांनी लगेच दुसरी सोय बघायची. शुभ सकाळचे फोटो त्या ग्रुपवर बंद ठेवा, नाहीतर आठवड्याभरात ‘सुटली’ कुणी वाचणार नाही.